उगाळलेली चांदी

९ नोव्हेंबर

बेळगावहून दिवेलागणीला घरी पोचलो. माझी बायको केशर गाडीतच पेंगली होती. तिला कॉटवर टेकवलं, पेज पाजली आणि आता लिहायला बसलोय. डोक्यात एवढं भरलंय की कागदावर सांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

दोन वर्षांपूर्वी गोव्याच्या रस्त्यावर एका मोटरसायकलवाल्यानं हिला उडवलं, तेव्हा नडगीच्या हाडात सळी बसवली. त्यानंतर नडगीवर एक भोक पडलं ते आजतागायत वाहतंय. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, दोनदा उघडून धुऊन झालं. थोडे दिवस बरं वाटतं, की पुन्हा पू. आज नव्या डॉक्टरीणबाई भेटल्या, भाग्यलक्ष्मी नावाच्या. धारवाडकडच्या, पण मराठी आपल्यासारखंच बोलतात. मला कानडीत अज्जा, म्हणजे आजोबा म्हणाल्या, हिला अज्जी.

त्यांनी बैजवार सांगितलं. जंतू सळीला चिकटून बसतात आणि स्वतःवर चिकट, बुळबुळीत थराचं पांघरूण घेतात. त्या पांघरुणाखाली औषध पोचत नाही.

मी म्हटलं, "झऱ्याच्या पायपात धरतं तसं?"

आयुष्यभर मी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पायपानं वाड्यावाड्यांवर आणायचं काम केलं. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं हातानं शिकलो. पायपात आतून जो गुळगुळीत थर धरतो तो वरून पावडर ओतून जात नाही. पायप सोडवून आतून चिंधी ओढावी लागते.

"अगदी तसंच, अज्जा," त्या म्हणाल्या. "म्हणून जुनी सळी काढावीच लागणार."

मग नव्या सळीचं सांगितलं. त्यांच्याकडे एक संशोधन सुरू व्हायचंय. नव्या सळीला चांदीच्या कणांचा लेप देतात. कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर मावतील. नॅनो म्हणतात त्याला. ती चांदी हळूहळू सुटत राहते आणि जंतूंना सळीवर बिऱ्हाड करू देत नाही. पण निम्म्या लोकांना लेपाची सळी आणि निम्म्यांना साधी. कुणाला कुठली ते संगणक ठरवणार आणि आपल्याला सांगणार नाहीत. लेपाचा खरंच उपयोग होतो का, हे त्याशिवाय कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. परवानगी आली की फोन करतील. तोवर रोज पट्टी बदलायची, जखमेवर दुसरं काही लावायचं नाही. लावलं तर संशोधनात नाव घेता येणार नाही, असंही म्हणाल्या.

"आणि काहीच जमलं न्हाई तर?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल."

केशर तिथंच बसली होती. खानापूर मागं पडल्यावर म्हणाली, "गाडी थांबवाया सांगा की. च्या पिऊया."

१२ नोव्हेंबर

फोन नाही. पट्टी बदलताना वास येतो. केशर भिंतीकडे तोंड करून बसते.

मी म्हटलं, "अगं, मी टाक्या उपसलेला माणूस. मला वासाचं काय?"

"म्हंजे माझा पाय टाकी व्हय?" म्हणाली.

दोघंही हसलो. मग ती हसता हसता रडायला लागली, आणि मी पट्टीची गाठ दोनदा सोडून दोनदा मारली.

१५ नोव्हेंबर

आज एक गोष्ट डोक्यात आली आणि मी स्वतःवरच खूश आहे.

सकाळी शेजारच्या झिलूकडे गेलो होतो. त्याची सून बाळासाठी सहाणेवर सोनं उगाळत होती. मधात चार वळसे, की बोटानं चाटवायचं. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या करतात. मी बघतच राहिलो. सोन्याचे कण दिसतात का? नाही. पण मधात उतरतात, बाळाच्या अंगी लागतात. मग हे नॅनो नाही तर काय?

घरी आलो. ट्रंकेतून आमच्या मुलाचे, संदीपचे, लहानपणचे चांदीचे वाळे काढले. सहाण स्वच्छ उकळून घेतली, उगीच घाण नको. डोंगरातला मध होताच. अर्धा तास वाळा उगाळला. मध करडा झाला. देवाच्या वातीसारखी कापसाची वात वळली, त्यात भिजवली आणि भोकात जाईल तेवढी आत सारली.

केशर म्हणाली, "डॉक्टरीण न्हाई म्हणल्यात न्हवं?"

"दुसरं काही लावू नका म्हणाल्यात," मी म्हटलं. "हे दुसरं कुठं? त्यांचंच औषध हाय, मी जरा आधी लावतोय, एवढंच."

"तुमच्या डोक्याचं काय सांगावं," म्हणाली, पण पाय पुढे केला. वात आत जाताना तिनं माझा खांदा घट्ट धरला होता.

१९ नोव्हेंबर

वाहणं निम्म्यावर आलंय. वास जवळजवळ नाही. रोज सकाळी नवी वात. उगाळून उगाळून माझं मनगट भरून आलं, पण त्याचं काही नाही.

२३ नोव्हेंबर

पट्टी सोडली तर कोरडी ठक्क! भोकाचं तोंड मिटलंय. वर पातळ गुलाबी कातडी धरलीय. दोन वर्षांत पहिल्यांदा पट्टीला डाग नाही. मी ती पट्टी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली. केशरला दाखवली. ती माझ्याकडेच बघत होती.

झिलू आला. त्यानं वाकून पाय बघितला आणि मला हात जोडले. "परशूअण्णा डाक्टर! आता दारावर पाटी लाव. माझ्या बैलाचं खूर नासलंय, त्याला पण थोडी चांदी उगाळ की."

"बैलाला पितळ पुरे," केशर आतून म्हणाली.

खूप दिवसांनी घरात असं हसणं झालं. जेवताना तिनं भाकरी अर्धी ठेवली. तोंड कडू लागतंय म्हणाली. इतक्या गोळ्या खाल्ल्यात, कडू लागणारच.

२७ नोव्हेंबर

पाय भरून यायला लागलाय. नडगीमागची पोटरी काठीसारखी झाली होती, ती आता चांगली टणक लागते. मांस धरतंय. कातडी तुकतुकीत दिसते. हात लावला तर उबदार. रक्त खेळायला लागलं की ऊब येतेच.

केशर दिवसभर उन्हात घोंगडी घेऊन बसते. यंदा थंडी लवकर पडली म्हणते. मला तर घाम येतोय, पण पाय घेऊन बसून राहणाऱ्या माणसाला जास्त वाजत असेल. आज स्वयंपाकघरात उठून गेली नाही, मीच भात लावला. आराम करायला हवा तिनं, अंग भरायचे दिवस आहेत.

बेळगावहून फोन आला होता. परवानगी आलीय, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. मी म्हटलं, बरं. मनात म्हटलं, आता येऊन काय दाखवू? पण जाऊ. डॉक्टरीणबाईंनाही आनंद होईल. त्यांना वाळ्याचं सांगावं की नाही, बघू.

१ डिसेंबर, बेळगाव

सकाळी केशरला हाक मारली तर ओ देईना. अंगाला हात लावला तर चुलीवरच्या तव्यासारखं. डोळे अर्धे उघडे, आणि संदीप लहान असल्यासारखी त्याला हाका मारतेय. संदीप टेम्पो घेऊन गोव्याला निघाला होता. अनमोडपर्यंत गेलेला, फोन केल्यावर तिथून परतला. टेम्पोच्या हौद्यात गादी टाकली, तिला उचलून ठेवली. रस्ताभर मी तिचा पाय मांडीवर धरून बसलो होतो, खड्ड्याचा धक्का बसू नये म्हणून. पाय आतून ठणठण उडत होता. माझ्या मांडीला कळत होतं. चार दिवस ज्याला मी ऊब म्हणत होतो, ते हे.

२ डिसेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पू बाहेर पडायची वाट बंद झाली, म्हणून आत साठला. गुडघ्याकडे सरकलाय. विष रक्तात उतरायला लागलंय. उद्या सकाळीच उघडायचं.

मग विचारलं, "घरी जखमेवर काही लावलं होतं?"

केशरला सलाईन लागलं होतं, थोडी शुद्धीवर होती. माझ्याआधी तीच म्हणाली, "न्हाई ओ. नुसती पट्टी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. बाहेर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या.

केशर का खोटं बोलली ते मला कळतं. नाव कटलं तर लेपाची सळी गेली. आणि मी गप्प का राहिलो? तेच कारण, असं स्वतःला सांगतोय. खरं तर भाग्यलक्ष्मीबाईंच्या तोंडासमोर 'सहाण' हा शब्द मला काढवेना.

पायपाच्या तोंडाला औषध फासून आतला थर गेला, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हसलो असतो. वर बूच मारलं की आत काय होतं, हे मला माहीत नव्हतं का? पाण्याच्या बाबतीत माहीत होतं.

३ डिसेंबर

ऑपरेशनला सकाळी घेतलं. मी आणि संदीप बाहेर बाकावर. बराच वेळ गेला. मग दार उघडून डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या, अंगावर तो हिरवा झगा, तोंडावरची पट्टी हनुवटीखाली. मला वाटलं, संपलं.

"अज्जा, इकडे या." मला कोपऱ्यात घेतलं. "आत हाडाच्या कडेला काळपट करडा थर दिसतोय. सळी झिजून तिचा चुरा हाडात मुरला असेल, तर मला तेवढं हाड कापून काढावं लागेल. बरंच आहे. मग पाय राहील की नाही, सांगता येत नाही. दुसरं काही कारण असेल, बाहेरून आत गेलेलं, तर नुसतं धुऊन काढता येईल. मला अंदाजानं कापायचं नाही. तुम्हाला काही माहीत आहे?"

संदीप माझ्याकडे बघत होता. त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "चांदी हाय ती."

"कसली चांदी?"

"वाळा उगाळून लावला. मधात. वात करून आत सारली. रोज." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "तुमी चांदी म्हणालात म्हणून."

त्यांनी डोळे मिटले. क्षणभर वाटलं, आता फाडकन बोलतील. पण एवढंच विचारलं, "चांदीच ना? आणखी काही? हळद, चुना, पाला?"

"न्हाई. देवाशप्पथ."

"बरं," म्हणाल्या आणि वळल्या. दार झुलत राहिलं.

संदीप बाकावर जाऊन बसला. म्हणाला, "माझे वाळे?" मी मान हलवली. आणखी चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

जुनी सळी काढली. हाड धुऊन धुऊन घेतलं, कापावं लागलं ते थोडंच. पोकळीत औषध भरलेले मणी ठेवलेत आणि पायाला बाहेरून कड्यांची चौकट लावलीय. पाय आहे. गुडघा, पोटरी, पाऊल, सगळं आहे. मी चादर वर करून मोजल्यासारखं बघितलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. तेव्हा बोलल्या, आणि बोलायला हवं होतं तेवढं बोलल्या. "तुमचा वाळा उगाळून जे सुटतं तो चुरा. लहान, मोठा, ओबडधोबड, त्यात आणखी कुठले धातू मिसळलेत ते तुम्हालाही माहीत नाही. त्यावरच जंतू बसतात, अज्जा. आमचे कण एका मापाचे करायला किती माणसांची किती वर्षं गेलीत! आणि तेही बरे की वाईट हे आम्हाला अजून नक्की ठाऊक नाही, म्हणून तर संशोधन. तुम्हाला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "न्हाई."

"मला हे संशोधनाच्या समितीला लिहून कळवावं लागेल. समितीनं नाव काढलं तर माझ्या हातात काही नाही."

"कळवा," मी म्हटलं.

५ डिसेंबर

केशर आज उशीला टेकून बसली. चहा प्याली, कडू नाही म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. तिचं खोटं मी उघडं पाडलं, हेही सांगितलं.

ती चौकटीच्या कड्यांकडे बघत होती. "म्हंजे मी न्हाई म्हणले आणि तुमी व्हय म्हणलात. आता डॉक्टरीण मला लबाड म्हणंल."

"म्हणू दे. पाय हाय न्हवं?"

"हाय."

मी विचारलं, "अंगात ताप होता, पाय ठणकत होता, तर बोलली का न्हाईस?"

तिनं चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुमी रोज सकाळी पट्टी सोडून हसत व्हता. दोन वर्सं तुमचं तोंड बघतेय मी. कसं बोलायचं?"

मी उठून नळावर गेलो. तांब्या भरलेलाच होता, तो ओतून पुन्हा भरला.

३० डिसेंबर

घरी. कड्यांना रोज उकळून गार केलेल्या पाण्यानं पुसायचं, एवढंच काम. तेवढंच करतो. हात धुतो, पुसतो, बाजूला होतो.

झिलू आला होता. माझी थट्टा करायला तोंड उघडलं आणि केशरच्या पायाची चौकट बघून मिटलं. त्याच्या सुनेनं सहाण आत ठेवली म्हणे. मी म्हटलं, तुमच्या बाळाचं तुम्ही बघा, पण डॉक्टरला विचारा. मी आता कुणाला काही शिकवत नाही.

११ फेब्रुवारी

समितीचं कळलं. नाव कायमचं काढलेलं नाही. पण अट घातलीय: आत करडा थर शिल्लक नसला पाहिजे आणि हाडाजवळचे नमुने जंतूरहित आले पाहिजेत. आधीचे नमुने ठीक आलेत. आत काय आहे ते उघडल्यावरच कळेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अज्जींना घ्यायचं की नाही ते टेबलावर ठरेल आणि लेपाची सळी की साधी ते संगणक ठरवेल. "तुमचं काम फक्त बाहेर बसायचं."

केशरला त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, धोक्यासकट. मला बोलू दिलं नाही. "अज्जी, पाय तुमचा. तुम्हाला यात यायचंय का? नाही म्हणालात तरी उपचार तेवढेच होतील."

केशर म्हणाली, "साधी आली तर ती पण सळीच न्हवं?"

"सळीच. आणि औषधं सगळी तीच."

"मग घाला नाव. माझ्यावरनं पुढच्या कुणाला तरी कळंल." मग माझ्याकडे बघून, "आणि ह्यास्नी बाहेर बसवा. दार लावून."

डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा हसताना बघितलं.

१४ फेब्रुवारी

आत स्वच्छ होतं. मणी काढले, कड्यांची चौकट उतरवली, नवी सळी बसवली. कुठली, ते कुणीच सांगत नाही. संदीपनं नर्सला गोड बोलून विचारून बघितलं. तिलाही माहीत नाही म्हणाली. खरंच माहीत नसावं.

२ मार्च

टाके काढले. पट्टी कोरडी आली. कोरडं बघून आता मला धीर येत नाही. दिवसातून किती वेळा तिच्या कपाळाला हात लावतो. ती हात झटकते. "देवाच्या पिंडीसारखं काय सारखं हात लावताय!"

२४ एप्रिल

काल बेळगावला दाखवून आलो. रक्ताचे आकडे चांगले आलेत. फोटोत हाड जुळताना दिसतंय. पण डॉक्टरीणबाई 'बरी झाली' हा शब्द काढत नाहीत. वर्षभर तरी काढणार नाहीत, म्हणाल्या. हे जंतू चिवट असतात, वर्षांनीही डोकं वर काढतात.

मी विचारलंच. "आत कुठली हाय, तेवढं..."

"मलाही माहीत नाही, अज्जा. संशोधन संपलं की कळेल. दोनतीन वर्षं जातील."

परतताना मी गाडीत म्हणालो की लोहचुंबक लावून बघता येईल का? केशर म्हणाली, "घरात आणि कायबी आणून माझ्या पायाला लावलं तर ही काठी तुमच्या पाठीत घालीन. चांदी असंल न्हाईतर पत्रा असंल. चालायचं मला हाय."

आज ऊन उतरल्यावर ती काठी घेऊन परसातल्या वाफ्यांकडे निघाली. दोन वर्षांत तिकडे गेली नव्हती. मी मागोमाग उठलो. ती उंबऱ्याशी वळली. "मागनं येऊ नका. पडले तर हाक मारीन."

मी पायरीवर बसलो. वाळल्या पानांवर आधी काठी, मग उजवा पाय, मग डावा जरा ओढल्यासारखा. आतली सळी कुठली ते आवाजावरून मला काही कळेना, आणि मी कान देऊन ऐकत होतो. फणसापलीकडे गेल्यावर आवाज थांबला. मी गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिलो. उठलो नाही. हाक आली नाही.

मग खुरप्याचा आवाज यायला लागला.